फिट आली म्हणून चित्रकला सोडायची का?

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलाला खेळाच्या तासाला फिट आली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, याचं नाव क्रिकेटमधून काढून टाका. चित्रकलेलाही बसवू नका, डोक्याला ताण होतो. नुसता वर्गात बसू द्या, तेवढं पुरे." मुलगा बाजूला उभा राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. मी काही बोलले नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे माझे बाबा उभे राहिले. १९८७ साली हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी जवळजवळ हेच शब्द उच्चारले होते, आणि अंगठ्याने जमीन उकरणारी मुलगी मी होते.

म्हणून ही हकिगत लिहायला घेतली आहे. ज्यांच्या घरी अशी मुलगी किंवा मुलगा शिकतो आहे, त्या माता-पित्यांनी ती वाचावी.

बटणाशी चाळा

आम्ही अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. आई हंगामात कापूस वेचायला आणि एरवी निंदणाला जाई. घरात आजी, थोरला दादा आणि मी. वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र रंगवायला एकदा अकोल्याहून पेंटर आला होता. तो आधी भिंतीवर दोऱ्याने चौकटी आखून घेई आणि हातातल्या फोटोवरच्या चौकटीत जे असेल तेच भिंतीवरच्या चौकटीत काढी. चार दिवस मी त्याच्या मागे बसून राहिले. त्यानंतर चुलीतला कोळसा घेऊन मी अंगणात, ओट्यावर, जिथे सापट जागा दिसेल तिथे चौकटी आखू लागले. आईचा मार खाल्ला, पण तो नाद काही सुटला नाही.

पाचवीपासून मी वर्गात मधूनमधून हरवू लागले. बाई प्रश्न विचारीत, मी त्यांच्याकडे बघत राही. तोंड काही चघळल्यासारखे हले आणि हात फ्रॉकच्या बटणाशी चाळा करी, असे मैत्रिणी सांगत. मला त्यातले काहीच आठवत नसे. भानावर येई तेव्हा फळ्यावर पुढचे गणित असे आणि माझ्या हातावर पट्टीचा वळ. लक्ष नसलेली मुलगी, असे माझे नाव पडले. हीसुद्धा फिटच असते, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते आणि घरच्यांनाही नव्हते. फिट म्हटली की माणूस धाडकन पडला पाहिजे, तोंडाला फेस आला पाहिजे, अशीच सगळ्यांची समजूत. आजही पुष्कळांची तीच आहे. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना सांगते, वर्गातले मूल असे पुन्हा पुन्हा क्षणभर हरवत असेल, हाक ऐकत नसेल, तर पट्टी उचलण्याआधी त्याच्या आईला बोलावून घ्या.

आठवीत प्रार्थनेच्या रांगेत मी पडले. जाग आली तेव्हा नाकाला चप्पल लावलेली होती, मुठीत कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा दिला होता आणि स्कर्ट ओला झाला होता. तो चपलेचा वास पुढे कित्येक वर्षे माझ्या नाकातून गेला नाही. हेडमास्तर म्हणाले, "बरी झाली की आणा." बाबांनी मान डोलावली.

आजी नागपूरला कशाला गेली होती?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी माझी आजी नागपूरला होती. सहा वर्षांच्या माझ्या वडिलांना बोटाला धरून, पांढरे लुगडे नेसून तिने दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. परत आल्यावर घरातले देव तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडले. आणि हीच माझी आजी मला भगताकडे घेऊन गेली. याची लाज वाटते म्हणून मी कित्येक वर्षे हे कुणाला सांगितले नाही. पण खरे तेच लिहायला हवे. तिने ते मायेपोटी केले. देव सोडता येतात, पण नात डोळ्यांदेखत तडफडू लागली की जुनी भीती मागच्या दाराने घरात येते.

भगताने बाहेरची बाधा सांगितली. मिरच्यांची धुरी दिली, निंबाच्या डहाळीने मारले, गळ्यात काळा दोरा बांधला. तिसऱ्या खेपेला मला तिथेच फिट आली आणि हात निखाऱ्यावर पडला. तो डाग अजून कोपराखाली आहे. घरी आलो तेव्हा दादा कॉलेजमधून आलेला होता. माझा हात बघून तो आजीवर ओरडला, "मंग तू कायले गेली होती नागपूरले?" आजी काही बोलली नाही. रात्री तिने विळा घेतला आणि माझ्या गळ्यातला दोरा कापून चुलीत टाकला. त्या दिवसापासून ती भगताचे नाव घेताना मला दिसली नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. आमच्या वेळी तो नव्हता. पण आमच्याकडे बावीस प्रतिज्ञा होत्या.

नागपूरची वारी

गावातल्या डॉक्टरांनी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू केल्या. फिट कमी झाल्या, पण मी दिवसभर पेंगू लागले. पेन्सिल हातात असे आणि डोके वहीवर. शेवटी दादा मला पॅसेंजरने नागपूरच्या मेडिकलमध्ये घेऊन गेला. तिथे मेंदूचा आलेख काढायचा होता. आदल्या रात्री झोपू द्यायचे नाही आणि केसांना तेल नको, असे सांगितले होते. आईने रिठ्याने डोके धुऊन दिले आणि दादाने रात्रभर मला गोष्टी सांगून जागे ठेवले. डोक्याला चिकट मलम लावून वायरी बसवल्या, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, जोरजोरात श्वास घ्यायला लावला. एवढेच. दुखले काहीच नाही. पुढे वाचनात आले की माणसाच्या मेंदूतल्या विजेची अशी पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला न सांगता मला समजावून सांगितले, याचे मला फार अप्रूप वाटले. मेंदूचे काम बारीक विजेवर चालते. एखाद्या ठिकाणी ती वीज एकदम भडकली तर फिट येते. भडका एका कोपऱ्यापुरता राहिला तर माणूस नुसता हरवतो किंवा त्याचा हात चाळा करतो. सगळ्या मेंदूत पसरला तर माणूस पडतो. हा वेडेपणा नाही आणि शिवल्याने लागणारा रोगही नाही. त्यांनी गोळी बदलून कार्बामाझेपिन दिली. सकाळी नऊ, रात्री नऊ. झोप पुरी घ्यायची, गोळी चुकवायची नाही आणि कुणी काहीही सांगितले तरी मनाने बंद करायची नाही. योग्य औषध नियमित घेतले तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. माझ्या थांबायला वेळ लागला, कारण मी शहाणपणा केला. तो पुढे सांगते.

वस्तीबाहेरचे काही लोक तेव्हा म्हणत, "हे डुक्कर खातात, म्हणून यांच्या पोरांना फिट येतात." हा टोमणा आजही ऐकू येतो, म्हणून नीट सांगते. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीच्या अंडी-अळ्यांमुळे मेंदूत गाठी होतात आणि त्यातून फिट येतात, हे खरे आहे. आपल्या देशात फिटचे ते एक मोठे कारण आहे. पण त्या गाठी मांस खाऊन होत नाहीत. कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर पोटात जंत होतो. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या पालेभाजीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली की अळ्या मेंदूत पोचतात. जन्मात मांस न शिवलेल्या माणसालाही हे होते. दोष कुणाच्या ताटाचा नाही, उघड्यावरच्या घाणीचा आहे, आणि वस्तीला संडास न देणारे नामानिराळे राहतात. असो.

चित्रकलेचे सर

शाळेत परत घेतले, पण खेळ बंद, सहल बंद, स्नेहसंमेलन बंद. बाबांचेही तेच म्हणणे होते. मला दुपारी एकटीला अंगणात जाऊ देत नसत. चित्राची वहीसुद्धा आईने पेटीत ठेवली होती. "पोरीले काई झालं तं?" एवढेच तिचे म्हणणे. महिन्यातून एकदा येणाऱ्या तीन-चार मिनिटांच्या फिटसाठी मी अख्खा महिना कोंडलेली असे.

आमचे चित्रकलेचे सर एका संध्याकाळी वस्तीत आले. ओट्यावर बसून चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "फिट महिन्यातून एकदा येते ना? मग बाकीचे एकोणतीस दिवस तिनं काय करायचं?" बाबांकडे उत्तर नव्हते. सरांनी माझा एलिमेंटरीचा फॉर्म खिशातून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

१९८८ साली, नववीत, मी ती परीक्षा दिली. सरांनी केंद्रावर आधी सांगून मला दाराजवळ, भिंतीकडेची जागा घेतली होती. शेजारच्या मुलीला काय करायचे ते शिकवून ठेवले होते. स्मरणचित्राच्या पेपरला मी एस.टी. स्टँडवरचे प्रवासी काढत होते. मध्येच हरवले. भानावर आले तेव्हा कंडक्टरच्या अंगावरून पेन्सिलीची एक वाकडी रेघ गेलेली होती आणि दहा मिनिटे संपली होती. खोडले, पुन्हा काढले, पण रंग पुरा झाला नाही. मला सी ग्रेड मिळाली. सरांनी पेढे वाटले. सी ग्रेडचे पेढे वाटलेले मी तरी दुसरे ऐकले नाहीत.

शिडी

१९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. आमच्या वस्तीने मोठे पोस्टर करायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. मी अकरावीत होते. सहा महिने फिट आली नव्हती. मला वाटले, बरी झाले. गोळीने थोडी सुस्ती येई, ती नको म्हणून चार दिवस गोळी घेतलीच नाही. दोन रात्री जागून चेहरा रंगवला. १२ एप्रिलच्या रात्री चष्म्याची काडी रंगवायला शिडीवर चढले आणि वरून पडले. खांद्याजवळचे हाड मोडले. चौदा तारखेला मिरवणूक दारावरून गेली तेव्हा मी गळ्यात हात बांधून खाटेवर होते. चष्म्याची ती काडी मंडळातल्या एका मुलाने पुरी केली होती, जरा जाडच.

मला वाटले आता सगळे संपले. बाबांनी रंगाचे डबे परत करायला सांगितले. पण मंडळाची पोरे घरी आली. त्यांचे म्हणणे साधे होते. भिंतीवर कापड टांगून शिडीवर का चढायचे? विहारात कापड जमिनीवर अंथरू, ताई खाली बसून रंगवील, मग आम्ही टांगू. आणि रात्री नऊ वाजता काम बंद. तेव्हापासून आजपर्यंत मी जमिनीवर बसूनच मोठी चित्रे केली. बाबांनी त्या वर्षीचे डबे परत केले नाहीत. गोळी चुकवली तर काय होते, हे मला दुसऱ्या कुणी सांगावे लागले नाही.

चार चित्रांचे पोस्टर

बारावीनंतर ए.टी.डी. करायला अमरावतीला गेले. वसतिगृहात खोलीत आम्ही चौघी. मी कुणाला काही सांगितले नाही. गोळ्या साबणाच्या डबीत लपवून ठेवल्या. दिवाळीआधी फिट आली तेव्हा घाबरलेल्या मैत्रिणींनी माझ्या दातांत स्टीलचा चमचा घातला. पुढचा दात अर्धा तुटला. त्यांचा दोष नव्हता. माहीत असून गप्प बसलेली मी होते.

त्या आठवड्यात मी एक पोस्टर केले आणि खोलीच्या दारामागे लावले. पहिल्या चित्रात मुलगी जमिनीवर, डोक्याखाली घडी केलेली ओढणी, आजूबाजूची खुर्ची-बादली बाजूला सारलेली. दुसऱ्यात तिला कुशीवर वळवले आहे, म्हणजे लाळ बाहेर जाते आणि श्वास अडकत नाही. तिसऱ्यात चमचा, कांदा, चप्पल, किल्ल्या आणि पाण्याचा पेला, सगळ्यांवर लाल फुली. हातपाय दाबून धरणाऱ्या हातांवरही फुली. चौथ्यात घड्याळ. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर रिक्षा बोलावून दवाखाना. एरवी शेजारी बसायचे, गर्दी हटवायची, ती उठली की तिचे नाव घेऊन हळू बोलायचे. रेक्टरबाईंनी त्याची दुसरी प्रत मागून जेवणघराच्या भिंतीला लावली. माझ्या कुठल्याही चित्रासमोर एवढी माणसे थांबून उभी राहिलेली मी पाहिली नाहीत.

सांगितल्यावर माझे काही गेले नाही. उलट दर्यापूर रोडला निसर्गचित्रे काढायला जायचे असले की कुणीतरी बरोबर येऊ लागले.

नऊ वाजताची गोळी

लग्नाचे दिवस आले तेव्हा मामा म्हणाले, "आत्ता सांगू नको, मग पाहू." मी म्हटले, "मामा, रात्री नऊची गोळी मी कुठे लपवू?" पहिल्या दोन स्थळांनी ऐकून घेतले आणि पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या घरी मी स्वतःच सांगितले. ते आज माझ्या घरात बसून हा लेख वाचून बघत आहेत.

याच सुमारास कायद्यातही बदल झाला. हिंदू विवाह कायदा आपल्याला, म्हणजे बौद्धांनाही लागू होतो. त्यात १९७६ पासून अशी तरतूद होती की वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीला लग्नच करता येऊ नये. वेड आणि फिट ही दोन्ही एकाच ओळीत लिहिलेली होती. १९९९ साली त्यातून फिट हा शब्द काढून टाकला. विशेष विवाह कायद्यातूनही काढला. किती शिकलेल्या घरांना अजून हे माहीत नाही! मात्र मुलींच्या आयांना एक गोष्ट आवर्जून सांगते. फिटच्या काही गोळ्या, विशेषतः व्हालप्रोएट, गर्भातल्या बाळाला बाधू शकतात. म्हणून लग्न ठरले की दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. ते गोळी बदलतील किंवा मात्रा ठरवतील. आपल्या मनाने गोळी बंद करणे आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. माझी मुलगी धडधाकट आहे आणि तिला चित्रकला अजिबात आवडत नाही.

माझी शेवटची फिट २००९ साली आली. आईच्या आजारपणात तीन रात्री जागरण झाले होते. गोळी अजून चालू आहे. दोन-तीन वर्षे फिट आली नाही तर काहींची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतात. माझी नाही केली. स्कूटी मी शिकले नाही, कारण परवान्याच्या अर्जात फिटबद्दल सरळ प्रश्न असतो आणि खोटे लिहायचे नाही. बसने जाते.

तो सातवीतला मुलगा

त्याच्या वडिलांना मी हे सगळे एकदम सांगितले नाही. आधी जाँटी ऱ्होड्सचे नाव काढले. १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना ज्याने हवेत झेप घेऊन अंगासकट स्टंप उडवले, त्याला फिटचा आजार आहे आणि तो हे उघड सांगतो. वडिलांना ती झेप आठवत होती, आजार माहीत नव्हता. मग हॅरिएट टबमनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली गुलाम बाई. लहानपणी मुकादमाने दुसऱ्यावर फेकलेले लोखंडी वजन हिच्या डोक्याला लागले आणि जन्मभर तिला अचानक झापड येऊन पडण्याचा आजार जडला. १८४९ साली ती गुलामीतून निसटली आणि नंतर सुमारे तेरा खेपा करून सत्तरएक माणसांना सोडवून आणले. रात्री, जंगलातून, पायी. वाटेत ती मध्येच झोपी जाई. बरोबरची माणसे थांबत, तिला जाग आली की पुढे निघत.

मग आम्ही तिघे बसून ठरवले. गोळीची वेळ लिहून दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवायची. खेळाच्या सरांना आणि दोन मित्रांना कुशीवर कसे वळवायचे ते शिकवायचे. फलंदाजीला हेल्मेट घालायचे. विहिरीत पोहायचे नाही, तलावात पोहायचे तर बाजूला पोहणारे मोठे माणूस हवे. सामना कितीही मोठा असला तरी आदल्या रात्री दहाला झोपायचे, मोबाईल आईकडे द्यायचा. आणि मुलाला विचारून, त्याची हरकत नसेल तरच वर्गात सांगायचे. त्याची हरकत नव्हती. त्याने फक्त एवढेच विचारले, "मॅडम, मला विकेटकीपर राहता येईल का?"

ऑगस्टमध्ये त्याला मैदानात एकदा फिट आली. मित्रांनी कुशीवर वळवले, सरांनी घड्याळ पाहिले, दोन मिनिटांत थांबली. घरी नेऊन झोपवले. तिसऱ्या दिवशी तो ग्लोव्ह्ज घेऊन परत आला. वडील अजूनही संध्याकाळी मैदानाच्या कडेला सायकल धरून उभे राहतात. पूर्वी खेळ संपेपर्यंत थांबत, आता पहिली दोन षटके पाहून दुकानात जातात.